उणे दोनशे सत्तरला फुटलेला बांध

रूथच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोष आहे, असं मी टेस्ट रिपोर्टवर तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा खाली लफ्फेदार सही ठोकली. दोष ॲम्प्लिफायरमध्ये नव्हता. माझ्यात होता.

‘तुमच्या कामातले चार अनुभव लिहा’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा माझे पराक्रम हवे असावेत. मी पराक्रम आठवून पाहिले. अर्धं पान भरेना. चुका मात्र रेशनच्या दुकानासारखी रांग लावून उभ्या राहिल्या. त्या रांगेत सगळ्यांत पुढं उभी आहे ती ही.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी आयुष्यभर गारठा विकत आलो. सुरुवात दूध गार करणाऱ्या टाक्यांपासून. मग आले नायट्रोजनचे कॅन. गायी-म्हशींच्या रेतनासाठी वळूचं वीर्य ज्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजनात बुडवून ठेवतात, ते. त्या कॅननं मला बरंच शिकवलं. आमच्या कोल्हारच्या बाजूचा एक रेतन करणारा गडी दर आठ दिवसांनी कॅन घेऊन हजर व्हायचा. ‘नायट्रोजन उडून जातोय, कॅन फुटकाय तुमचा.’ मी कॅन तपासला, मान बदलली, पुन्हा तपासला. ठणठणीत. शेवटी त्याच्या घरी जाऊन बसलो. तर हा बाबा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कॅनचं बूच काढून पांढरा धूर दाखवत होता! व्याही आले, धूर. तलाठी आला, धूर. चहा उशिरा, धूर आधी. तेव्हापासून मी कारखान्यात नव्या माणसाला पहिला धडा हाच द्यायचो: यंत्र बिघडलं की आधी ते हाताळणाऱ्या माणसाकडं बघा. असे धडे देण्याच्या खोडीमुळंच मला सगळे ‘मास्तर’ म्हणू लागले. एक दिवसही शाळेत शिकवलेलं नाही.

पुढं आमच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, आणखी गार व्हायची हौस आली. नायट्रोजनचा गारठा उणे एकशे शहाण्णव अंश. साहेब म्हणाले, आपण उणे दोनशे सत्तरला जाऊ. विज्ञानसंस्थांना लागणारी अतिथंड यंत्रं आणि त्यांत बसणारे ॲम्प्लिफायर करू. त्यासाठी त्यांनी रूथला आणलं.

रूथ श्रीरामपूरची. वडील रेल्वेत होते, आणि गाडीसारखीच हीसुद्धा एकदा रुळावर चढली की मधे थांबत नसे. दोन वर्षं खपून तिनं स्वतःचा ॲम्प्लिफायर आखला. त्याची चिप एका संस्थेत बनून आली. तिचा डबा, तारा, जोडण्या आणि गार करून तपासणं हे सगळं सुप्यात.

हे प्रकरण काय असतं ते सांगतो. विहिरीच्या तळाशी एक माणूस बसलाय आणि कुजबुजतोय असं समजा. काठावर डिझेल इंजिन धडधडतंय. तुम्हाला काठावर उभं राहून काय ऐकू येणार, कपाळ? आमच्या यंत्राच्या तळाशी असाच एक कुजबुज्या असतो. प्रकाशाचा एकेक कण टिपणारा डोळा म्हणा. तो त्या भयंकर गारठ्यातच काम करतो आणि त्याचा इशारा इतका नाजूक, की तारेतून वर, आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचेतो गोंगाटात विरून जातो. मग उपाय काय, तर तळाशीच दुसरा माणूस बसवायचा. त्यानं कुजबुज ऐकायची आणि वर मोठ्यानं ओरडायचं. पण नेहमीचा ॲम्प्लिफायर काम करताना तापतो. म्हणजे ओरडणाऱ्यानं विहिरीत बसून चूल पेटवल्यासारखं. सगळा गारठा फुकट. चूल न पेटवता ओरडणारा गडी पाहिजे. तो म्हणजे अतिवाहक धातूचा ॲम्प्लिफायर. हा धातू पुरेसा गार झाला की त्यातून वीज जराही अडखळत नाही, त्यामुळं तापतही नाही.

आता तो ओरडतो कसा? ज्यांनी उसाला पाटाच्या पाण्याची दारं धरलीत, त्यांना हे आमच्या इंजिनियर मंडळींपेक्षा लवकर कळेल. सारीतून पाणी गपगुमान चाललेलं असतं. नेमक्या जागी पायाच्या अंगठ्यानं बांध जरासा मोडला, की अख्खं पाणी शेजारच्या वाफ्यात वळतं. अंगठ्याचा जोर केवढा आणि वळणारं पाणी केवढं! रूथच्या चिपवर विजेची अशीच एक केसाहून बारीक सारी होती आणि एका जागी नाजूक बांध. तळाच्या डोळ्याची कुजबुज म्हणजे अंगठा. वळलेलं पाणी म्हणजे वर ऐकू येणारी आरोळी.

या बांधाला एकच वैरी. लोहचुंबक. धातू गार होत असताना जवळ चुंबक असला, तर त्याचा जोर धातूत अडकून बसतो. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडावीत, तसं. मग अंगठा न लावताच बांध फुटतो. नंतर चुंबक उचलून नेला तरी भोकं तिथंच. यंत्र पुन्हा गरम करायचं आणि चुंबक लांब ठेवून नव्यानं गार करायचं, याशिवाय इलाज नाही.

हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्याचा मी कहर करून सोडला होता. टेस्ट रूमच्या दारावर ‘लोहचुंबक आणि लोखंडी वस्तू आत आणू नयेत’ अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली. मोबाईल बाहेर. घड्याळ बाहेर. साहेबांच्या पट्ट्याचं बक्कल मला संशयास्पद वाटलं, तर तो पट्टा मी दारात काढून घेतला. साहेब एका हातानं पँट धरून स्वतःच्याच कारखान्यात हिंडले. रूथच्या केसांतल्या पिना मी रोज सकाळी मोजून डबीत ठेवायला लावायचो. चार दिवसांनी तिनं पिना लावणंच सोडलं आणि रिबिनीची वेणी घालून येऊ लागली. शाळकरी पोरीसारखी दिसायची. मी त्यावरही एक विनोद केला होता. आज तो इथं लिहवत नाही.

नवं यंत्र खंडेनवमीला बसवलं. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. लेथला हार, ड्रिलला हार, पान्यांना हळदकुंकू. मी नव्या यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि मधोमध कोल्हारच्या भगवतीची छोटी पितळी मूर्ती ठेवली. यात्रेत घेतलेली, टेम्पोच्या डॅशबोर्डवर बसवायची. माझा टेम्पो विकला तेव्हा देवी मात्र काढून घेतली होती. माळ सुकली, देवी राहिली. दर वेळी यंत्र गार करायला बटण दाबायच्या आधी तिला झाकणावर बसवायची आणि संध्याकाळी उचलायची, असा मी नेमच केला. कुलपाचं कपाट एकट्या शब्बीरभाईंकडं, म्हणून देवी मुक्कामाला त्यांच्याकडं.

शब्बीरभाई आमचे लेथवाले. मूळ सुप्याचेच. तांब्याचा डबा असा कातून देतील की झाकण नुसत्या हवेनं बसावं. सकाळी मी हात पुढं केला की ते कपाट उघडत, देवी बाहेर काढत, फडक्यानं बुडापासून नीट पुसत आणि माझ्या हातात देत. ‘घ्या तुमच्या आईसाहेब.’

पहिल्यांदा यंत्र गार केलं. सकाळी आठला बटण, दुपारी चारला तळ गाठला. रूथनं तळाच्या डोळ्यासमोर अंधार ठेवला होता. डोळा मिटलेला म्हणजे वर मोजणारा काउंटर गप्प पाहिजे. तो गप्प कसला बसतोय! पंढरीनाथाच्या टाळासारखा वाजायला लागला. कुजबुज नाही, अंगठा नाही, बांध आपोआप फुटतोय.

‘काका, भोकं पडल्यासारखं वाटतंय,’ रूथ म्हणाली. ‘कुठूनतरी चुंबक येतोय.’

‘माझ्या खोलीत? चुंबक?’ मी हसलो. ‘अगं, इथं साहेबांचा पट्टा येत नाही! तुझा बांधच कच्चा आहे. रुंदी वाढव.’

आणि मी पहिला रिपोर्ट लिहिला. ‘ॲम्प्लिफायरच्या रचनेत दोष.’

पुढचे दहाबारा दिवस रूथनं काय नाही केलं! सगळ्या जोडण्या नव्यानं केल्या. तारा बदलल्या. शेजारच्या कारखान्यातलं वेल्डिंग बंद असताना एकदा यंत्र चालवून पाहिलं, त्यासाठी स्वतः जाऊन तिथल्या फोरमनला विनवलं. चिपभोवती चुंबक अडवणाऱ्या खास धातूचा एक उभा पेला असतो. तारा वर याव्यात म्हणून त्याचं तोंड वरच्या बाजूला, झाकणाखाली उघडं. तो पेला तिनं दोनदा तपासला. डबा उघडायचा, जोडायचा, बंद करायचा, गार करायचं. काउंटर दर वेळी वाजायचा. दर वेळी ती वहीत तारीख टाकून म्हणायची, ‘बरं. परत गार करू.’ रडली नाही, चिडली नाही. मीच चिडलो. दुसरा रिपोर्ट. तिसरा रिपोर्ट.

तिसऱ्या रिपोर्टनंतर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. ज्या संस्थेसाठी हे करत होतो, तिची माणसं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तपासणीला येणार होती.

‘मास्तर, तुम्ही तीन वेळा लिहून दिलंय,’ साहेब म्हणाले. ‘तुमचा शब्द मी मानतो. त्या दिवशी चाललं नाही तर हा ॲम्प्लिफायर बंद. परदेशातला मागवू. रूथ, तू मग दुधाच्या टाक्यांची ड्रॉइंगं बघ.’

रूथ माझ्याकडं वळली. ‘काका, तुम्हाला खरंच वाटतं, बांध कच्चा आहे?’

मी म्हणालो, ‘अनुभव सांगतो ना.’

अनुभव! तो बोलत नसतो, त्याच्या नावानं आपणच बोलतो. पण हे शहाणपण मागाहूनचं.

मधेच माझ्या चुलत्यांचा दशक्रिया विधी निघाला. मी एक दिवस कोल्हारला गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर रूथ आणि शब्बीरभाई दारातच उभे.

‘काल चाललं,’ रूथ म्हणाली. ‘अंधारात काउंटर गप्प. प्रकाश सोडला की मोजतोय. बांध पक्का आहे.’

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, ‘एखाद्या वेळेस लागतो नेम. माझ्यासमोर चालवा.’

माझ्यासमोर चालवलं. काउंटर पुन्हा टाळ कुटायला लागला. खोटं कशाला सांगू, मला आतून जरा बरंच वाटलं. माणसाचं मन कुठल्या गाळात रुतलेलं असतं बघा.

तपासणीला दोन दिवस उरले. सकाळी मी आलो तर रूथ टेस्ट रूमच्या कोपऱ्यात वही घेऊन स्टुलावर बसलेली.

‘काका, आज मी कशालाच हात लावणार नाही. तुम्ही रोज जसं करता तसंच सगळं करा. मी फक्त लिहिते.’

‘माझी परीक्षा घेतेस का काय?’

‘यंत्र बिघडलं की आधी माणसाकडं बघावं, असं तुम्हीच शिकवलंत.’

माझाच धडा, माझ्याच अंगावर. मी शर्टाच्या खिशातलं पेन बाहेर ठेवलं, ती लिहिते. चष्मा पुसला, लिहिते. व्हॅक्यूमचा पंप बघितला, पाण्याचा नळ उघडला, लिहिते. मग दाराबाहेर हात केला, शब्बीरभाईंनी कपाटातून देवी काढली, पुसली, माझ्या हातात दिली. मी ती झाकणावर बसवली. रूथचं पेन थांबलं.

‘हे लिहू नकोस,’ मी म्हणालो. ‘हे काम नाही, नमस्कार आहे.’

दारात उभ्या असलेल्या शब्बीरभाईंना तिनं साधं विचारलं, ‘चाचा, तुम्ही देवीला रोज पुसता ते का?’

‘बुडाला लोखंडाचा कीस लागतोय. लेथजवळचं कपाट हाय ना. आसं कसं द्यायचं देवीला मास्तरांच्या हातात?’

‘कीस लागतो? नुसता बसतो का चिकटतो?’

‘चिकटतो की. वढून काडावा लागतो.’

मी देवी उचलली. बुडाला लाल मखमल होती, मीच चिकटवलेली. ती नखानं सोलली. खाली काळीभोर गोल चकती. टेम्पोच्या डॅशबोर्डवर देवी खड्ड्यातसुद्धा हलत नसे, त्याचं मला केवढं कौतुक होतं! इथं झाकण ॲल्युमिनियमचं. तिथं चुंबक चिकटत नाही, नुसता बसून राहतो. त्यामुळं रोज ठेवताना-उचलताना माझ्या हाताला काही कळलं नाही. आणि बसवायचो कुठं, तर नेमकी मधोमध, त्या पेल्याच्या उघड्या तोंडावर.

आम्ही तिघं बाहेर आलो. रूथनं मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं. देवी जवळ नेली तशी सुई गरकन फिरली. वर माझी पाटी होती. लोहचुंबक आत आणू नयेत.

‘शब्बीरभाई, तुम्ही रोज कीस काढत होता. मला एका शब्दानं बोलला नाहीत?’

‘पाटी तुमी लावलेली, देवी तुमीच आनलेली. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल. आन् देवीचं हाय, मी कशाला मधी तोंड घालू? उद्या कुनी म्हनलं, शब्बीरला देवी खुपती, तर?’

मी रूथकडं पाहिलं.

‘मी तिला कधी हातच लावला नाही, काका,’ ती म्हणाली. ‘दशक्रियेला गेलात त्या दिवशी चाललं, तेव्हा एकदा मनात आलं होतं की झाकणावर आज देवी नव्हती. पण तुमच्या देवीकडं बोट दाखवणारी मी कोण? तुम्ही माझ्या पिना मोजत होतात. मी कुठल्या तोंडानं सांगू?’

त्या सकाळी मला पहिल्यांदा नीट कळलं, की मी लावलेल्या पाट्या जरा जास्तच ठिकाणी लागल्या होत्या.

त्या दिवशी देवी कपाटात ठेवून यंत्र गार केलं. दुपारी चारला काउंटर मुका. प्रकाश सोडला, मोजू लागला. बंद केला, मुका. साहेब धावत आले. ‘झालं! आता तपासणीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.’

‘उद्या पुन्हा गार करायचंय,’ रूथ म्हणाली. ‘देवी झाकणावर ठेवून.’

‘वेड लागलंय का? चालतंय ते बिघडवायचं?’

‘एकदा चाललं म्हणजे चाललं नाही, साहेब. ठरवून बिघडवता आलं पाहिजे आणि ठरवून दुरुस्त करता आलं पाहिजे. नाहीतर परवा त्या लोकांनी विचारलं, आधी का चालत नव्हतं, तर काय सांगू? नेम लागत नव्हता?’

‘आणि उद्या पंप फसला? एखादी तार तुटली? परवाच तपासणी आहे!’

साहेबांचं चुकत नव्हतं. वेळ दोनच दिवसांचा. साहेब माझ्याकडं बघत होते. नेहमीसारखा त्यांचाच शब्द मी उचलणार, हे त्यांना ठाऊक होतं. माझीही इच्छा तीच होती. देवी कपाटात, चूक कपाटात, वर कुलूप. पण ही पोरगी दोन वर्षांची मेहनत पणाला लावून म्हणत होती की बिघडवून दाखवू, आणि मी माझी फजिती लपवायला टेकू शोधत होतो.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘करू द्या. देवी मी ठेवतो. मी केलेला घोटाळा माझ्याच हातानं मोजला जाऊ दे.’

‘तुम्ही केलेला? म्हणजे?’

सांगावं लागलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मास्तर, माझा पट्टा काढून घेतला होतात तुम्ही.’

दुसऱ्या दिवशी देवी ठेवली. काउंटर वाजला. इतका मन लावून बिघाड मी आयुष्यात कधी बघितला नाही. रातोरात यंत्र गरम झालं, सकाळी देवीशिवाय बटण दाबलं आणि चारच्या आत संस्थेची माणसं येऊन काउंटरसमोर बसली. एक वयस्क बाई आणि दोन गृहस्थ. पंप फसला नाही. तार तुटली नाही. अंधारात काउंटरनं हूं की चूं केलं नाही. प्रकाश सोडल्यावर मोजणी सुरू झाली. बाईंनी स्वतःच्या हातानं चारपाच वेळा प्रकाश चालू-बंद करून पाहिला आणि विचारलं, ‘आधी काय अडचण आली होती?’

रूथनं वही त्यांच्यासमोर उघडली. चुंबक असताना, चुंबक नसताना, पुन्हा असताना, पुन्हा नसताना. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, ‘आम्हाला असेच आणखी लागतील.’

पाहुणे गेले. साहेब पेढे आणायला गेले. देवी मी घरी नेणार होतो, पण शब्बीरभाई ऐकेनात. त्यांनी तिला लेथच्या बाजूच्या लोखंडी कपाटावर बसवली, टेस्ट रूमपासून चांगली लांब. तिथं ती घट्ट बसते आणि सांडलेले स्क्रूही धरून ठेवते.

मी कपाटातून माझे तिन्ही रिपोर्ट काढले आणि फाडायला घेतले. रूथनं हात धरला.

‘फाडायचे नाहीत, काका. त्यात माझं नाव आहे. खाली दुरुस्ती लिहा आणि सही करा. तिन्हीवर.’

खुर्ची ओढून बसलो. पहिल्या रिपोर्टखाली लिहिलं: ‘ॲम्प्लिफायरची रचना निर्दोष आहे.’ पुढं कारणाचा रकाना. तिथं अक्षर बारीक करून लिहिलं: ‘बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बिघाड.’ सही या वेळी लफ्फ्याशिवाय केली.

शब्बीरभाई हात पुसत मागं येऊन उभे होते. त्यांनी एकेक अक्षर लावून ते वाचलं.

‘बाहेरचं कुटलं, मास्तर?’ ते म्हणाले. ‘रोज सकाळी आठला जेवनाचा डबा घिऊन येतंय की ते.’